तिसऱ्या खोलीतली झाडं

वरून तिसऱ्या पानावर, मधल्या शिरेच्या डाव्या बाजूला, एक फिकट हिरवा डाग होता. मक्याच्या दाण्याएवढाही नव्हता. त्याला ठळक कड नव्हती. पानाच्या गडद हिरव्यात तो विरत गेला होता आणि पान दिव्याकडे तिरकं आलं तरच दिसत होता. नोरीन वेथनने पानाला हात न लावता कुंडी हळूच फिरवली. शेंड्याचं कोवळं पान कडेने किंचित वर वळलं होतं. पाणी कमी पडलं की या झाडाची पानं मान खाली टाकतात. हे तसं नव्हतं.

तिने कुंडी होती तिथेच ठेवली. हातमोजे काढून दाराजवळच्या पिशवीत टाकले, नवे घातले आणि शेजारची ओळ बघितली. मग तिच्या पलीकडची. भिंतीच्या बाजूला आणखी एक झाड सापडलं. त्यावर डाग नव्हता, पण शेंडा तसाच वळला होता.

या काचघरात प्रत्येक रुग्णासाठी वेगळी खोली होती, आणि तिसऱ्या खोलीतली सगळी झाडं एकाच माणसासाठी वाढवली होती. माणसाला लसिकाग्रंथींचा कर्करोग झाला की त्याच्या गाठीतल्या पेशींवर एक खूण असते, आणि ती ज्याची त्याचीच असते, अंगठ्याच्या ठशासारखी. ती खूण मोझॅकच्या, म्हणजे तंबाखूच्या पानांवर डाग पाडणाऱ्या रोगाच्या, एका माणसाळवलेल्या विषाणूत बसवायची आणि तो विषाणू या झाडांच्या पानांवर चोळायचा. थोड्या दिवसांत झाड स्वतःच त्या खुणेचं प्रथिन बनवू लागतं. मग पानं तोडायची, चेचायची, रस गाळायचा आणि प्रथिन वेगळं काढायचं. ती त्या माणसाची लस. ती टोचली की शरीर उरलेला रोग ओळखायला शिकेल, अशी आशा होती. शिकतं की नाही हे बघण्यासाठीच ही चाचणी चालली होती.

झाडंही तंबाखूचीच, पण शेतातल्या तंबाखूची खुरटी चुलत बहीण, ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातून आलेली. कोणताही विषाणू तिच्यात सहज शिरतो, म्हणून ती कामाची. आणि म्हणूनच तिची भीतीही. शेतातला रानटी मोझॅक आधी शिरला, तर माणसाळवलेल्याला जागा उरत नाही. घर भरलेलं असतं.

तिसऱ्या खोलीत उद्या सकाळी विषाणू चोळायचा होता.

दारावर फक्त क्रमांक होता. रुग्णाचं नाव इथे कुणाला कळू नये असा नियम होता, आणि नोरीनला ते कुणी सांगितलंही नव्हतं. पण गाठीचा तुकडा लुइव्हिलच्या इस्पितळातून आला, त्याच आठवड्यात तिच्या दिराच्या, डॉर्सीच्या, मानेतली गाठ तिथे काढली होती. रविवारच्या मिस्सामध्ये फादर आजाऱ्यांसाठी त्याचं नाव घेत, आणि नंतर चर्चच्या पायऱ्यांवर लोक मोठ्याने म्हणत, “डॉर्सीला तंबाखूची लस टोचणार म्हणे. जन्मभर तंबाखू पिकवली, आता तीच त्याला पिकवणार.” त्या आठवड्यात दुसऱ्या कुणाचा तुकडा आला नव्हता.

तिने पान कातरलं, छोट्या पिशवीत चिरडलं आणि त्या रसात कागदाची पट्टी उभी केली. एक रेघ उमटली तर झाड स्वच्छ. दोन उमटल्या तर मोझॅक. पहिली रेघ लगेच आली. दुसरी येण्याआधी तिने पट्टीकडे पाठ केली आणि उगाचच टेबल पुसलं. वळून पाहिलं तेव्हा दोन होत्या.

तिने दुसऱ्या झाडाचं पान घेतलं. पुन्हा दोन.

वेर्ना हेगन, खोल्यांची मुकादम, बाहेर नळ्या गुंडाळत होती. हर्शेल तिच्या मदतीला होता. दोघंही तंबाखूच्या शेतकऱ्यांच्या घरातली. इथे काम करणारे बहुतेक तसेच. सुरुवातीला या झाडांना ते फार हसायचे. याला तंबाखू म्हणतात होय, हर्शेल म्हणायचा, एक झुरकासुद्धा निघणार नाही यातून.

“हर्शेल, हात दाखव,” नोरीन म्हणाली.

“मागणी घालतेस का काय? थांब, बायकोला विचारून येतो.”

“हात.”

त्याने हात पुढे केले. नखांच्या मुळाशी काळी रेघ होती. तंबाखूचा देठ कापला की जो चीक निघतो, तो असा बसतो आणि घासून घासून निघत नाही.

“शनिवारी कुठे होतास?”

“सगळे होते तिथेच,” हर्शेल म्हणाला. “तू मुलीकडे लुइव्हिलला गेलीस म्हणून राहिलीस. नाहीतर तूही आली असतीस मक्याचा पाव घेऊन.”

वेर्नाने नळी खाली ठेवली. “डॉर्सीची तंबाखू काढली आम्ही, नोरीन. त्याच्या आधीच्या शनिवारी कापून काठ्यांवर ओवली, परवा कोठारात टांगली. शेतात उभी पिवळी पडत चालली होती. त्याला काठी उचलवत नाही. तो बिचारा कुंपणापाशी खुर्ची टाकून बसला होता आणि तिथून आम्हाला शिव्या घालत होता. ‘अरे, देठ मोडताय का कापताय?’” ती हसली, मग हसू थांबलं. “तू असं का बघतेस?”

“आणि दोन्ही वेळा सोमवारी सगळे इथे कामाला.”

“हात धुतले आम्ही. आधी दुधाने, मग साबणाने, मग इथल्या साबणाने. कपडे बदलले. माझी आई रोप लावायच्या आधी दुधात हात बुडवायची आणि आमच्या शेतात कधी मोझॅक आला नाही.”

“वेर्ना, नियम आहे. शेतातल्या तंबाखूला हात लावला तर आठवडाभर आत यायचं नाही.”

“माहीत आहे नियम. सगळेच घरी बसलो असतो तर पाणी कुणी घातलं असतं या झाडांना? तू एकटीने? लुइव्हिलहून?”

या भागात माणूस आजारी पडला की त्याचं पीक शेजारी काढतात. त्यासाठी कुणी कुणाला बोलवत नाही, आणि जो येत नाही त्याला कुणी विचारतही नाही, फक्त लक्षात ठेवतात. नोरीनचा नवरा गेला त्या वर्षी तिच्या दारातही असेच ट्रक उभे राहिले होते. पहिल्या ट्रकमध्ये डॉर्सी होता.

“किती झाडं लागली?” वेर्नाने हळू विचारलं.

“सापडलेली दोन.”

“मग ती दोन काढू. आजूबाजूची काढू. उरलेल्यांवर उद्या चोळू.”

“बघते. संध्याकाळी सांगते.”

तिने तिसऱ्या खोलीचं दार लावलं आणि चौकटीवर चिकटपट्टी ओढली. मग तिच्या लक्षात आलं की गेला आठवडाभर हेच हात दुसऱ्या खोलीतही होते आणि चौथ्याही.

प्रमुख डॉ. लिंडक्विस्ट बैठकीसाठी बाहेरगावी होते. तिने फोन लावला आणि पट्ट्यांवर काय दिसलं ते सांगितलं. कोठाराबद्दल सांगितलं. खोली कुणाची असावी हे सांगायला तोंड उघडलं आणि दुसरंच विचारलं.

“नवी झाडं वाढवली तर? मुदतीत बसेल?”

“नाही. रोप वाढेपर्यंतच मुदत निघून जाईल. केमो संपल्यावर ठरल्या काळात लस टोचली नाही तर तो रुग्ण चाचणीच्या बाहेर. तिथे मला काही बोलता येणार नाही.”

“आणि लागलेल्या खोलीतूनच काढलं तर?”

“तू मला विचारतेस?” ते म्हणाले. “रानटी मोझॅक माणसाला काही करत नाही, ते तुलाही ठाऊक आहे. प्रथिन निघेलही थोडं. पुरेल का, नीट असेल का, ते मी इथून सांगू शकत नाही. झाडं तू बघतेस. खोली ठेवायची की काढायची हे तूच ठरव, आणि लवकर ठरव.”

संध्याकाळी वेर्ना निघताना दारात थांबली. नोरीन म्हणाली की आणखी पानं तपासायची आहेत. उद्याचं चोळणं एक दिवस पुढे ढकलू, खोलीतली दमट हवा ठीक नाही. हवा ठीक होती. वेर्नाने मान हलवली आणि ती गाडीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नोरीनने चांगल्या दिसणाऱ्या झाडांची पानं घेतली. सरळ, रुंद, एकसारख्या रंगाची. पट्ट्या ओळीने उभ्या केल्या. बऱ्याच पट्ट्यांवर एकच रेघ आली. काहींवर दोन आल्या. म्हणजे डोळ्यांना जे दिसत होतं त्याचा आता उपयोग नव्हता. आणि एक रेघ म्हणजे तरी काय? आज नाही, इतकंच. उद्याचं ती पट्टी सांगत नाही.

तरी तिने मनात बेरीज मांडली. समजा निम्मी झाडं वाचली. समजा निम्म्यांतून लस निघाली. टोचण्यापुरती झाली तर? कमी पडली तर तसंही काही नाही. मग प्रयत्न करायला काय हरकत आहे? ती हा हिशोब पुनःपुन्हा करत होती, आणि दर वेळी शेवटी बाहेर दार वाजायचं. हर्शेल पाण्याची गाडी घेऊन दुसऱ्या खोलीत शिरायचा, नाहीतर चौथीतून बाहेर पडायचा. त्याने नवे हातमोजे घातले होते, नवा झगा घातला होता. तरी दार वाजलं की ती हातातलं काम टाकून तिकडे बघायची. तिसरी खोली उभी आहे तोवर ते दार कुणीतरी उघडणार. पाणी घालायला, तपासायला, ती स्वतःसुद्धा. शेजारच्या खोल्यांतल्या झाडांवर अजून काही दिसलं नव्हतं. तिने सकाळपासून दोनदा बघितलं होतं, आणि दोनदा बघायला आत गेली हेही चुकलंच होतं.

“नोरीन,” वेर्ना म्हणाली, “आज तरी सांगशील का? उद्या चोळायचं असेल तर मला माणसं ठेवायला हवीत.”

“जेवून येते. मग सांगते.”

“काल संध्याकाळी सांगणार होतीस.”

“माहीत आहे.”

ती जेवायला घरी गेली नाही. कपडे बदलले, हात धुतले आणि गाडी नदीकडच्या रस्त्याने डॉर्सीच्या घराकडे नेली. त्याला भेटून काय बोलायचं हे तिने ठरवलं नव्हतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या कोठारांची दारं वाऱ्यासाठी उघडी होती आणि आत तंबाखू वाळत होती, हिरवी, पिवळी, कुठे कुठे तांबूस. गाडीच्या काचा बंद करूनही वास आत येत होता.

डॉर्सी स्वयंपाकघरात टोमॅटो चिरत होता. डोक्यावर टोपी होती. केस गेल्यापासून तो घरातही टोपी काढत नव्हता.

“वहिनी,” तो म्हणाला, “आज दिवसाढवळ्या? कामावरून काढून टाकलं की काय?”

“अजून नाही.”

“बस. हॅम आहे, टोमॅटो आहेत. पाव शिळा आहे, पण मीही शिळाच आहे.” त्याने ताटली तिच्याकडे सरकवली. “कोठार पाहिलंस? वेर्नाने काठ्या इतक्या जवळ टांगल्यात की मधून उंदीरसुद्धा जायचा नाही. सडेल सगळी. पण तिला सांगणार कोण. फुकटचे मजूर, त्यांना बोलता येत नाही.”

“कुंपणावरून बोललास ना भरपूर.”

“ते प्रेमाने.” तो समोर बसला. बसताना टेबलाला धरावं लागलं. “खाली ओढ्याकडच्या तुकड्यात यंदा मोझॅक होता. मी म्हणत होतो तो तुकडा सोडून द्या. हर्शेल म्हणाला, पानं चितळासारखी दिसतायत, पण वजन तर भरेल. तोच तुकडा सगळ्यात आधी कापला त्याने.”

नोरीनने टोमॅटोची फोड उचलली होती. ती तिने ताटलीत परत ठेवली.

डॉर्सी तिच्याकडे बघत राहिला. तंबाखू पिकवणाऱ्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. काचघरात कोण कामाला जातं हे त्याला माहीत होतं, आणि तिथे तंबाखूच आहे हेही.

“लागला?” त्याने विचारलं.

“मला तुझ्याशी यावर बोलायची परवानगी नाही.”

“म्हणजे लागला. माझ्या झाडांत?”

तो उठला, खिडकीपाशी गेला, कोठाराकडे पाहिलं आणि परत आला.

“त्यांना सांगू नकोस,” तो म्हणाला. “वेर्नाला. हर्शेलला. ती माझी झाडं आहेत हे.”

“नाही सांगणार.”

“बरं.” तो पुन्हा बसला. बराच वेळ हॅमचा तुकडा सुरीने बारीक बारीक करत राहिला. “मग आता? त्यातूनच काढणार का लस?”

“ते ठरलेलं नाही.”

“कोण ठरवणार?”

“मी.”

तो हसला. “मग काय अडचण आहे? वहिनी, मी पोर होतो तेव्हापासून मोझॅक लागलेल्या तंबाखूत हात घालतोय. तोंडात धरली, धूर ओढला, नाकात गेली. मला मोझॅकने काय व्हायचंय? सांग, काय व्हायचंय?”

“काही नाही.”

“झालं तर मग. जे निघेल ते दे. थोडं निघालं तर थोडं टोच. मी तक्रार करणार आहे का? डॉक्टर म्हणाले, परत उलटलं तर त्यांच्याकडे फारसं काही नाही. तू होतीस तेव्हा, गाडी तूच चालवत होतीस. पूर्ण रस्ताभर आपण दोघं रेडिओवर मक्याचे भाव ऐकत आलो.” त्याचा आवाज खाली आला. “मी कधी काही मागितलं नाही तुझ्याकडे.”

“नाही मागितलंस.”

“मग आता मागतो.”

नोरीनने हात मांडीवर ठेवले. नियम सांगावा असं तिच्या मनात आलं; कागदावर तो बरोबर होता. पण कागदावरचा नियम घेऊन ती इथे आली नव्हती.

“डॉर्सी, निघेल ते नीट असेल की नाही मला सांगता येत नाही. निघेलच असंही नाही. पण फक्त तेवढंच असतं तर मी प्रयत्न केला असता. कालच केला असता, आणि कुणाला सांगितलंही नसतं.”

“मग?”

“शेजारी खोल्या आहेत. त्यात दुसऱ्यांची झाडं आहेत. त्यांना अजून लागलेला नाही, निदान मला दिसलेला नाही. तुझी खोली उभी आहे तोवर तो पसरणार. एखाद्या हाताने, एखाद्या बाहीने. मी कालपासून उभी ठेवलीय. कालपासून दर वेळी दार वाजतं तेव्हा…” तिने वाक्य सोडलं.

“दुसरे कोण आहेत ते?”

“माहीत नाही. क्रमांक आहेत.”

“फक्त माझंच नाव माहीत आहे तुला.”

“हो.”

“म्हणजे नाव माहीत असणाऱ्याला काही नाही, आणि क्रमांकांना सगळं.” तो रागावला होता, आणि तो राग दाबण्याइतकी ताकद त्याच्यात नव्हती. सुरी ताटलीत पडली. “त्यांचं कुणी पीक काढलं का गं? त्यांच्या दारात ट्रक उभे राहिले का?”

“राहिले असतील. मला माहीत नाही.”

त्याने टोपी काढली, टेबलावर ठेवली आणि डोक्यावरून हात फिरवला. नवे केस यायला लागले होते, पांढरे, लहान मुलासारखे मऊ. कोठाराच्या दिशेने वारा आला तेव्हा दोघांनाही तो वास आला, आणि कुणीच खिडकी लावली नाही.

“तू हे मला सांगायला आलीस,” तो शेवटी म्हणाला, “की माझ्याकडून ऐकायला? मी म्हणावं, काढून टाक वहिनी, माझी हरकत नाही. तसं काही?”

तिने त्या प्रश्नाला खरं उत्तर शोधलं. “आले तेव्हा बहुतेक तेच हवं होतं.”

“मी नाही म्हणणार.”

“नको म्हणूस.”

“मला हवी आहे ती लस.”

“माहीत आहे मला.”

फोन भिंतीवर होता, फ्रीजच्या बाजूला, जुना, लांब गुंडाळीच्या वायरचा. ती उठली. तो तिला अडवायला उठला नाही. खुर्ची वळवून तिच्याकडे तोंड करून बसला आणि बघत राहिला. तिने काचघराचा नंबर फिरवला. पलीकडे घंटा बराच वेळ वाजली. वेर्नाने उचलला तेव्हा मागे पाण्याची गाडी ढकलल्याचा आवाज येत होता.

“नोरीन? कुठे आहेस तू? जेवण इतकं लांबतं का? हर्शेल तिसरीच्या दारात उभा आहे, विचारतोय पाणी घालू की नको.”

“त्याला म्हणावं दाराला हात लावू नकोस.” तिने डॉर्सीकडे पाहिलं. त्याने नजर हलवली नाही, म्हणून तिनेही हलवली नाही. “वेर्ना, तिसरी खोली रिकामी करायची आहे. आज, आत्ता. एकूण एक झाड, मातीसकट, वाफेच्या भट्टीत.”